३५० चे ३८३ केले: शापोरा नदीत एक सीझन काढल्यानंतर

गोव्यातल्या शापोरा नदीत ऑक्टोबरात बोट उतरवली होती, आता मे संपत आला आणि ती वर काढायची वेळ झाली. मर्क्रूझर ५.७ लिटरचे इंजिन, अल्फा ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलरपर्यंत नेणारा गिअरचा भाग), २१ फुटी हल (बोटीचे अंग), सगळे जुनेच. आत फक्त क्रँक ३.७५ इंची, म्हणजे पिस्टनची धाव (स्ट्रोक) तेवढी, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा; त्यामुळे ३५० घन इंचाचे इंजिन ३८३ चे झाले. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवले नाही, म्हणून हॉर्सपॉवरचे आकडे सांगत नाही. मला बोलायचे आहे ते बोअरविषयी, कारण त्यावरून वर्कशॉपशी माझे कडाक्याचे वाजले.

इंजिन उघडावे लागले ते रायझरमुळे, म्हणजे धूर आणि थंड करणारे पाणी बाहेर नेणाऱ्या नळकांड्यामुळे. आतून गंजून तो गळला, खारे पाणी सातव्या सिलिंडरमध्ये उतरले आणि पावसाळाभर तिथेच बसले. भिंतीवर खड्डे. वर्कशॉपवाला म्हणाला, "भाऊ, उघडलेच आहे तर साठ थाऊ मारून टाकू, ताकद पण वाढेल." मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. ४ इंच बोअर, ३.४८ स्ट्रोक, म्हणजे ३५० घन इंच. साठ थाऊ मारले तर होतात ३६०. बोअरला हात न लावता स्ट्रोक ३.७५ केला तर ३७७. दहा घन इंचांसाठी ब्लॉक (सिलिंडरांचा ओतीव सांगाडा) पातळ करायचा, तोही खाऱ्या पाण्यावर थंड होणारा?

मोठ्या बोअरचा फायदा खोटा नाही. व्हॉल्व्हला जागा मिळते, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेते. पण तो फायदा साडेसहा हजारांवर फिरणाऱ्या गाडीला. बोटीला गिअर बदलायचे नसतात. माझा पंखा इंजिनाला ४४०० ते ४८०० वर अडवून धरतो, आणि पंख्याचा भार आरपीएमच्या साधारण घनाने वाढतो. बोअरचे बळ जिथे दिसायला लागते तिथवर माझे इंजिन जातच नाही. मला टॉर्क (पिळाचा जोर) हवा होता, कमी आरपीएमला, बोट प्लेनवर यायच्या, म्हणजे वर उचलून पाण्यावरून सरकायला लागायच्या आधी.

वर्कशॉपचे म्हणणे, "भिंती जाड असतात, काही होत नाही." मोजल्या का? नाही. शेवटी बार्जच्या तळाचे पत्रे मोजणाऱ्या एका सर्व्हेयरला अल्ट्रासोनिक मीटर घेऊन बोलावले. त्याचा मीटर स्टीलवर सेट होता. ब्लॉक बिडाचा, आणि बिडातून ध्वनी स्टीलपेक्षा सावकाश जातो, त्यामुळे तसाच लावला तर भिंत आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. त्याने एका फुटक्या ब्लॉकचा तुकडा व्हर्नियरने मोजला, त्यावर मीटर जुळवला, मग जेल लावून एकेक सिलिंडर चारी बाजूंनी तपासला. सातव्याची पातळ जागा आधी साडेपाच मिलिमीटर दिसली होती, ती निघाली ४.३. साठ थाऊ मारायचे म्हणजे प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटर आणखी खरवडायचे, आणि मागच्या बाजूने मीठ खातच असते. तीस थाऊमध्ये खड्डे पुसले गेले. तिथेच थांबलो. म्हणून ३८३: तीस थाऊ दुरुस्तीसाठी, ताकदीसाठी क्रँक. क्रँकचे बिल बोअरिंगच्या कैक पट झाले हे मान्य, पण ब्लॉक फुटला तर नवा मागवायचा, वर भाडे आणि ड्यूटी. ते कोण भरणार?

वापराचा अनुभव. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. भरल्या बोटीने दोन लाटांच्या मधल्या जागेत प्लेनवर यायचे असते. पूर्वी नाक वर करून इंजिन कण्हत राहायचे. आता थ्रॉटल दिला की बोट उठते. १९ पिचचा (एका फेरीत कागदोपत्री १९ इंच पुढे नेणारा) पंखा मात्र बदलावा लागला, आरपीएम वर पळत होते. २१ लावल्यावर ४७०० वर बसले. पेट्रोल जास्त खाईल असे वाटले होते, पण तोच वेग कमी आरपीएमला मिळतो, खर्चात फरक जाणवला नाही.

फेब्रुवारीपर्यंत मी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मग डिपस्टिक खाली यायला लागली. ३२०० च्या आसपास चालवली तर ऑइल टिकते. बराच वेळ ४४०० च्या वर ठेवली की उतरते. कनेक्टिंग रॉड ५.७ इंचीच ठेवले होते, त्यामुळे रॉड आणि स्ट्रोकचे गुणोत्तर १.६४ वरून १.५२ वर आले. रॉड जास्त तिरका होतो, पिस्टन भिंतीवर जास्त रेलतो. पिस्टनचा सरासरी वेगही ४८०० ला सेकंदाला १४.१ वरून १५.२ मीटर. ही स्ट्रोकची किंमत, आणि ती खरी आहे. सहा इंची रॉड हा उपाय सुचवतात, पण त्यात पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन इतकी वर जाते की बऱ्याच पिस्टनमध्ये ती ऑइल रिंगच्या खोबणीत शिरते. मला ते नको. मी ४२०० च्या वर जात नाही, आणि सोबत ऑइलचा डबा ठेवतो. माझ्या कामाला तेवढे पुरते.

अल्फा ड्राइव्ह साधारण ३०० हॉर्सपॉवरपर्यंतचा. त्यामुळे लाटेवरून बोट हवेत गेली की थ्रॉटल सोडायचाच, नाहीतर गिअर जातील.

या पावसाळ्यात ब्लॉकमधले स्केल (क्षार-गंजाचा थर) काढून हीट एक्स्चेंजर बसवतो आहे, म्हणजे ब्लॉकमध्ये खारे पाणी जाणार नाही. स्केल न काढता बसवू नका, सुटलेली गंजाची पापडी नव्या नळ्यांत अडकते. सातव्या सिलिंडरची भिंत पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा मोजणार, बिडावर जुळवलेल्या मीटरनेच.