ए की बी? जुन्या फोर्डची रोडस्टर वेगासाठी बांधताना

कॅलिफोर्नियातलं एल मिराजचं कोरडं तळं असो किंवा युटातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान, तिथे वेगाच्या विक्रमांसाठी जुनी चार सिलिंडरची रोडस्टर (उघडी, छताविना गाडी) पळवायची ठरवली की पहिला वाद इंजिनावरून होतो. 1935 पूर्वीच्या अमेरिकन चार सिलिंडर इंजिनांना तिथे वेगळा वर्ग आहे, म्हणजे व्ही-8 गाड्यांशी झुंजावं लागत नाही. निवड बहुधा फोर्डच्या ‘मॉडेल ए’ आणि 1932 मध्ये आलेल्या ‘मॉडेल बी’ यांच्यातच होते. मॉडेल टीचं इंजिन गोड आहे, पण 20 अश्वशक्ती आणि काडीसारखा क्रँक (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा)! तो मार्ग केवळ प्रेमापोटी धरायचा.

कागदावर ए आणि बी सख्खी भावंडं वाटतात. दोघांची क्षमता 200.5 घनइंच, म्हणजे साधारण 3.3 लिटर. ए 40 अश्वशक्तीचं, बी 50 चं. या दहाच्या फरकावर जाऊ नका. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कार्बोरेटर आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) बदललं की तो पुसला जातो. फरक आहे तो खाली, क्रँक बसतो त्या क्रँककेसमध्ये. एच्या क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे मुख्य बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, सुमारे 41 मिलिमीटर व्यासाचे, बीचे 51 चे. दोन्हींत मेन बेअरिंग तीनच, म्हणजे फेरे वाढले की क्रँक मधेच लवतो. मिनिटाला 3,000 वरून 4,500 फेऱ्यांवर गेलात तर पिस्टन-रॉडचा हिसका सव्वादोनपट होतो. शिवाय बीच्या मेन बेअरिंगना तेल दाबाने मिळतं. एला ते वरून उतरतं तेवढंच, आणि कनेक्टिंग रॉड शिंतोड्यांवर भागवतात. त्यामुळे एला वेगासाठी तयार करायचं तर क्रँकला भोकं पाडून दाबाच्या तेलाची सोय करणं, बेअरिंगचा धातू नव्याने ओतणं हा खर्च अटळ. एचे ब्लॉक सहज मिळतात, बीचे शोधावे लागतात. तरी मी शोधत बसेन.

दुसरा प्रश्न हेडचा. साइड व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला बसलेले) ठेवायचे की रायली, क्रेगर या नावांच्या जुन्या हेडसारखं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह वर असलेलं हेड चढवायचं? साइड व्हॉल्व्हची गोची अशी की कॉम्प्रेशन वाढवायला हेडमधली जागा कमी केली, तर व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाटच अरुंद होते. दाब वाढतो आणि श्वास कोंडतो. ओव्हरहेडला ही अडचण नाही, पण जुनं अस्सल हेड खिसा रिकामा करतं आणि वाढीव ताकद पुन्हा त्याच तीन बेअरिंगवर येते. साइड व्हॉल्व्हवाल्यांना स्वतंत्र वर्ग मिळत असल्याने पहिल्या गाडीला ओव्हरहेडचा हट्ट कशाला?

बॉडीसाठी 1927 ची टी किंवा 1928-29 ची ए. टी अरुंद, म्हणून हवेला कमी अडते. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: ताशी 160 किलोमीटरवरून 190 वर जायला जवळजवळ 1.7 पट. कमी ताकदीच्या इंजिनाला अंग चोरलेली बॉडी फुकटच्या अश्वशक्तीसारखी. मात्र आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवल्यावर आपले खांदे मावतात का, हे बॉडी विकत घेण्यापूर्वी बसून पाहावं. रुंद माणसाने निमूटपणे ए घ्यावी.

मैदानांचंही तसंच. एल मिराजला साधारण 1.3 मैलात सगळा खेळ, म्हणून गिअरिंग आणि सुटण्याची पकड महत्त्वाची. बॉनव्हिलला पळायला जागा भरपूर, पण उंची सुमारे 4,200 फूट, विरळ हवेत सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेलं इंजिन दमतं. विक्रमासाठी तिथे दुसरी धावही लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. म्हणजे एकदा जोरात पळून इंजिन फुटलं तर चालत नाही. बीचं इंजिन, साइड व्हॉल्व्ह, टीची बॉडी घेऊन आधी एल मिराजला जावं. तिथली धूळ झटकता येते. बॉनव्हिलचं मीठ चॅसिसच्या सांध्यांत घुसतं, आणि परतल्यावर गाडी धुण्यातच पुढचा आठवडा जातो.