लंडनमधलं एका वर्षाचं मास्टर्स: करून आल्यावर

नगरनियोजनात एम.एससी. करायला २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याहून लंडनला गेले आणि २०२५ च्या शेवटी परत आले. तेव्हापासून कोथरूडात कुणाकडे चहाला गेलं की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला एखादा भाचा समोर आणून बसवतात. पहिला प्रश्न ठरलेला, रँकिंगचा. माझं मत असं की रँकिंगच्या यादीत पाच-दहा नंबर इकडेतिकडे झाले तरी चालेल, पण खोली कुठल्या झोनमध्ये मिळतेय ते खोदून खोदून विचारा. (झोन म्हणजे बस-मेट्रोच्या तिकिटासाठी पाडलेले शहराचे पट्टे; झोन १ मध्यभागी, नंबर वाढेल तसं लांब.)

कारण वर्गातले तास फारच कमी असतात, बाकीचा अभ्यास लायब्ररीत जाऊन आपला आपण करायचा. मास्टर्सला १८० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे दहा तास अभ्यास धरलेला. म्हणजे १५ क्रेडिटच्या विषयाला १५० तास, आणि त्यातले वर्गात जेमतेम वीस-तीस. ६० क्रेडिट एकट्या प्रबंधाचे. आमचं शिकवणं ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च, संपलं. आत्या फोनवर म्हणाली, "अगं, एवढी फी भरून आठवड्यातून तीन दिवस कॉलेज? मग उरलेले दिवस करतेस काय?" एजंटच्या ऑफिसात हे कुणी विचारत नाही, आणि विचारायचं ते हेच.

उरलेले दिवस वाचायचं. दर सेमिनारला वाचनाची यादी येते आणि समोरचा गृहीत धरतो की तुम्ही ती वाचून आलात. इथल्यासारखी सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स तिथे फिरत नाही. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात मास्तरांनी लिहिलं होतं, सात लेखकांचं म्हणणं नीट मांडलंय, तुमचं कुठे आहे? गुण ६२. बाबांचा आवाजच पडला. "अगं, दहावीला किती होते तुला!" मग त्यांना समजावलं की बाबा, इथे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० च्या वर डिस्टिंक्शन. पटलं नाही त्यांना. नातेवाइकांना ते अजून नुसतं "मेरिटमध्ये आली" एवढंच सांगतात.

या वाचनासाठी लंडनसारखं गाव नाही, हे मात्र शंभर टक्के. युनिव्हर्सिटीची लायब्ररी असतेच, पण सेंट पँक्रसजवळची ब्रिटिश लायब्ररी कार्ड काढलं की फुकट. सामान लॉकरमध्ये, हातात पारदर्शक पिशवी, लिहायला फक्त पेन्सिल. पेन दिसलं तर तिथली बाई गोड हसून ते आत ठेवायला लावते. तिथे इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचं दप्तर आहे. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या वेळचे मुंबई सरकारचे कागद मी तिथे हाताळले. पेठांमधल्या घरझडतीविषयी शाळेत वाचलं होतं, पण साहेबी थाटातला तो कोरडा पत्रव्यवहार समोर आल्यावर माझ्या प्रबंधाचा विषयच बदलला. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमधले दिवस असेच ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या वाचनालयांत काढले. १९२१-२२ मध्ये ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. जाऊन या.

आता झोन. पहिली टर्म मी हॅरोला, झोन ५ मध्ये काढली. खोली मोठी, मालक गुजराती, खाली भाजीवाला, कोपऱ्यावर कढीपत्तासुद्धा मिळायचा. पण मेट्रोपॉलिटन लाइनने युस्टन स्क्वेअर गाठायचं, तर दारापासून दारापर्यंत तास जायचा. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार. वर्ग नसेल त्या दिवशी एवढ्या गारठ्यात तास घालवून लायब्ररीत कोण जाणार? खोलीत हीटरजवळ लॅपटॉप घेऊन बसायचं आणि वाचन पुढच्या आठवड्यावर ढकलायचं. जानेवारीत केंटिश टाउनला, झोन २ मध्ये गेले. खोली अर्धी, भाडं जास्त, खिडकीच्या कडेला काळी बुरशी. फोटो पाठवून पाठवून थकले तरी मालकाने ओल काही काढली नाही. पण बसने अर्ध्या तासात लायब्ररी, आणि रात्री नऊला निघालं तरी घरी पोचायचं टेन्शन नाही. दुसऱ्या टर्मचे माझे सगळे गुण पहिलीपेक्षा बरे आले. बसला माझ्या वेळी १.७५ पौंड होते, आणि तासाभरात कितीही बस बदला, तेवढ्याच पैशात. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर कार्डावर (बस-मेट्रोचं कार्ड) पासात ३० टक्के सूट मिळते, ते पहिल्याच आठवड्यात काढा.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. साधारणपणे ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मालकाला ते सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. पण मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर ही योजना लागू होत नाही. आपली बरीचशी मुलं ओळखीने अशाच घरांत राहतात. तेव्हा पैसे दिल्याचं लेखी घ्या, काका कितीही आपल्यातले असले तरी.

पैशांचं थोडक्यात. माझ्या वेळी व्हिसासाठी लंडनचा राहण्याचा खर्च महिना १,३३४ पौंड धरून नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवायचे होते. हा आकडा नंतर वाढलाय. व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. व्हिसा कोर्सनंतर चार महिने जास्तीचा मिळतो, त्याचेही धरून १,१६४ पौंड आधीच भरले. त्यात डॉक्टर फुकट, चिठ्ठीवरच्या औषधाला मात्र दर औषधामागे ९.९० पौंड. क्रोसिन आणि खोकल्याचं औषध आईने दिलं होतं तेच पुरवलं.

जेवणाचं काय सांगू. सदाशिव पेठेतल्या मेसला नावं ठेवायची असतील तर आत्ताच ठेवून घ्या. छोटा कुकर न्या. गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलात तर आरती आणि प्रसाद, दोन्हीची सोय होते. मंडळ १९३२ पासूनचं आहे.

भाच्याचा दुसरा प्रश्न: पार्ट-टाइम करून फी निघते का? नाही. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी, आणि मास्टर्सवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळाही टर्ममध्येच धरतात. मी गेले तेव्हा २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं. वीस तासांचे २२९ सुद्धा होत नाहीत. त्यात खोलीचं भाडं सुटलं तरी नशीब. शिवाय ते वीस तास येतात वाचनातूनच. माझ्या वर्गातला एक जण शनिवार-रविवार कॅफेत उभा राहायचा आणि सोमवारच्या सेमिनारला डोळे चोळत यायचा.

नोकरीसाठी कोर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार. २०२६ च्या सप्टेंबरात जाणाऱ्यांचा कोर्स संपेपर्यंत ही तारीख उलटून गेलेली असेल. तेव्हा कर्जाचे हप्ते बसवताना दीडच वर्ष धरा, एजंट दोन म्हणाला तरी.