ट्रेकिंग पोल: कळसूबाईच्या फॅमिली ट्रिपपासून आत्तापर्यंतचा अनुभव

डिसेंबरात आमच्या वडिलांकडच्या सगळ्यांचं गेट-टुगेदर भंडारदऱ्याला ठरलं तेव्हा ट्रेकिंग पोलच्या, म्हणजे डोंगर चढता-उतरताना आधाराला धरायच्या काठ्यांच्या, तीन जोड्या घेतल्या होत्या, आता पावसाळाही संपलाय आणि पोल अजून ठणठणीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. साठी ओलांडलेल्या माणसांना घेऊन डोंगर चढायचा तर काय बघून घ्यावं हे मला तेव्हा कुठे नीट मिळालं नव्हतं.

आमचे ॲल्युमिनियमचे आहेत, तीन तुकड्यांचे, बाहेरून क्लिप दाबून लॉक होणारे, जोडी 1800 ला पडली. पिळून लॉक होणारे घेऊ नका असं स्पष्ट सांगेन. चुलतभावाकडे तसले होते, चढताना ठीक वाटले पण उतारावर आत्याने जरा वजन टाकलं की दांडा हळूहळू आत सरकायला लागला, आणि नेमका तिथेच तर आधार पाहिजे असतो.

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे निघालो, आधी शेतं मग दगडी पायऱ्या मग शिड्या. चढताना पोल थोडा आखूड ठेवायचा, सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढा, आणि उतरताना पाचदहा सेंटीमीटर लांब करायचा, हे सगळ्यांना गाडीजवळच करून दाखवलं होतं. मुठीजवळच्या पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरायची, म्हणजे भार मनगटावर येतो आणि बोटं दुखत नाहीत. शिड्यांवर मात्र पोल हातात नकोच, दोन्ही हात कठड्याला लागतात आणि मागून येणाऱ्याच्या तोंडासमोर टोक येतं, त्यामुळे प्रत्येक शिडीखाली पोरांनी पोल मिटवून सॅकमध्ये टाकायचे आणि वर गेल्यावर काढून द्यायचे असं ठरवलं होतं, आणि पोरांनी ते शेवटपर्यंत इमानाने केलं.

खरा उपयोग उतरताना. घसाऱ्यावर काका आधी म्हणाले मला नको, तुझ्या आत्याला दे, पण मुरमावर दोनदा पाय सरकल्यावर गपचूप हात पुढे केला. आत्याचे गुडघे जुने दुखणेकरी, तरी खाली आल्यावर ती स्वतःच्या पायांनी जेवायला जाऊन बसली, मांडी घालून नाही पण बसली, माझे सगळे पैसे तिथेच वसूल झाले. एकच पोल घेऊन भागवू नका, उतारावर दोन असतील तरच गुडघ्यांवरचा भार नीट वाटला जातो.

जेवणाचं सांगायचं तर बारीत चढायला सुरुवात करायच्या आधीच एका घरी किती माणसं ते सांगून ठेवलं होतं. उतरल्यावर गरम पिठलं, भाकरी, ठेचा, भात, आणि तीन पिढ्या एका ओळीत. दुसऱ्या दिवशी विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघून नाशकात मिसळ खाल्ली. मोठ्या घोळक्याने जाणार असाल तर नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर जा, आम्हाला सलग टेबलं मिळाली आणि आज्जीला कुणी घाई केली नाही.

त्यानंतर हेच पोल सिंहगडावर भर पावसात नेले, आतकरवाडीच्या वाटेने. वर भजी आणि मडक्यातलं दही झालं, घरी येऊन मात्र पोलचे तुकडे सुटे करून वाळवावे लागतात, मिटवून तसेच ठेवले तर आत पाणी राहतं. तेल अजिबात लावू नका, लॉक घसरतं. क्लिप महिन्यांनी ढिली वाटली तर तिचा स्क्रू जरासा आवळायचा, बास.

तक्रारी दोन. खालची रबरी टोपी डांबरी रस्त्यावर लवकर झिजली, आई रोज सकाळी तळजाई टेकडीवर पोल घेऊन जाते त्यामुळे असेल, पण जास्तीच्या टोप्या आधीच घेऊन ठेवा, आतलं धातूचं टोक सपाट खडकावर घसरतं, मातीत मात्र तेच चांगलं रुततं. दुसरं म्हणजे फोमची मूठ, पावसात भिजली की वास येतो आणि दोन दिवस जात नाही.

यंदा सगळ्यांचं हरिश्चंद्रगड चाललंय, पाचनईकडून, ती वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. अजून दोन जोड्या लागतील, त्या क्लिपवाल्याच पण कॉर्कच्या मुठीच्या घेणारे, आणि काकांनी त्यातली एक आत्ताच स्वतःसाठी सांगून ठेवलीये.