नदीतले गोटे मोजायची पाटी, बारा वर्षं वापरून

ग्रॅव्हलोमीटर म्हणजे दिसायला साधी अ‍ॅल्युमिनियमची पाटी. तिला १४ चौकोनी भोकं. सगळ्यात लहान २ मिलिमीटरचं, मग २.८, ४, ५.६, ८ असं चढत जाऊन शेवटचं १८० चं. गोटा ज्या सर्वांत लहान भोकातून पार जातो, ते त्याचं माप. मी प्राकृतिक भूगोल शिकवते आणि बारा वर्षं ही पाटी माझ्या सॅकमध्ये आहे.

त्याआधी आम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरायचो. गोट्याची लांबी, रुंदी, जाडी यांतलं मधलं माप घ्यायचं असतं, आणि मधलं कुठलं यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून मुलं वाद घालायची. एकाच गोट्याची दोघांची दोन उत्तरं. पाटीने तो वाद संपवला. आता एकजण भोकाचा आकडा ओरडून सांगतो, काठावरचा लिहून घेतो.

ही मोजणी नद्यांचे अमेरिकन अभ्यासक गॉर्डन वोल्मन यांनी १९५४ मध्ये मांडली. पाऊल टाकायचं, खाली न बघता वाकायचं, बुटाच्या टोकाशी बोटाला जो पहिला दगड लागेल तो उचलायचा. असे १००. वोल्मन पुढे १९५८ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवत होते. १९६० मध्ये त्यांनी जॉन मिलर यांच्यासोबत दाखवून दिलं, की नदीतला बहुतेक गाळ क्वचित येणारा महापूर नव्हे, तर वरचेवर येणारे मध्यम पूर वाहून नेतात. एम.ए.ला असताना हे वाचलं आणि माझा विषय तिथेच ठरला. म्हणून ही पाटी हातात घेतली की मला नुसतं मोजमापाचं साधन घेतल्यासारखं वाटत नाही.

आता उणिवा. चपटा गोटा चौकोनातून तिरका निसटतो आणि आहे त्यापेक्षा लहान नोंदला जातो. चपट्या दगडांच्या ओढ्यात मी अजूनही कॅलिपर सोबत ठेवते. बोटं बारीक खड्यांवरून घसरून मोठ्याकडे जातात, त्यावर पाटीकडे इलाज नाही; मुलांना पुन्हा पुन्हा बजावावं लागतं. १८० च्या पुढच्या धोंड्याला टेप लावावी लागते.

घ्यायची असेल तर आकडे कोरलेलीच घ्या. माझ्या पहिल्या पाटीवर ते रंगाने छापलेले होते. दुसऱ्याच हंगामात ४५ आणि ६४ पुसले गेले आणि आम्ही अख्खी दुपार भोकांना पट्टी लावत बसलो.