रूळ, भातुकली की किल्ला? लहान आकाराचा छंद निवडताना

लहान आकाराच्या गोष्टींचं वेड लागायला पुण्यात निमित्तं भरपूर. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, बाजीराव रस्त्यालगत केळकर संग्रहालय, तुळशीबागेत भातुकली आणि दिवाळीच्या तोंडावर कुंभारवाड्यात मावळे. बघून घरी आलं की प्रश्न पडतो, यातलं आपल्याला काय झेपेल? जागा बेताची, पैसे बेताचे आणि उत्साह गणपतीपासून दिवाळीपर्यंत टिकणारा, असं गृहीत धरून पुढचं वाचा.

आधी एकच गोष्ट स्वतःला विचारा: प्रमाण चुकलेलं तुम्हाला कितपत खपतं? भिंतीवरची फ्रेम जराशी तिरकी दिसली की उठून सरळ करणारी माणसं असतात. त्यांनी रेल्वेकडे वळावं. बाकीच्यांनी तिथे जाऊन स्वतःचा छळ मांडू नये.

रेल्वेचं सगळं गणित प्रमाणावर उभं आहे. जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान ‘एन’, १:१६०, रुळांत ९ मिलिमीटर. पुण्यातल्या फ्लॅटसाठी हा फरक फार मोठा आहे. आपल्या जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या) डब्याची लांबी २१ मीटरच्या थोडी वर, म्हणजे एचओमध्ये एक डबा साडेचोवीस सेंटिमीटर. एक इंजिन आणि पाच डबे जोडले की जवळजवळ पाच फूट झाले. स्टेशनात उभी केलेली गाडीच टेबलाबाहेर जाते. शिवाय एचओचं नेहमीचं लहानात लहान वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. गाडी वळून परत यायची तर पावणेतीन फूट रुंदी हवीच, आणि एवढ्या लांब डब्यांची टोकं त्या वळणावर बाहेर डोकावतात ते वेगळंच. एनमध्ये तीच गाडी अडीच-पावणेतीन फुटांत मावते आणि दीड फुटात वळते.

भारतीय गाड्यांच्या चाहत्याला अजून एक बोच आहे. आपला ब्रॉडगेज, म्हणजे खऱ्या रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस येतात, पण बाजारातले रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले. म्हणजे एचओच्या रुळांवरचं भारतीय इंजिन कायम पाय जवळ घेऊन उभं. बहुतेकांना ते कळतही नाही. पण एकदा दिसलं की दिसतच राहतं.

वजनाचंही तसंच. लांबी ८७ पटींनी घटते, तर वजन त्याच्या घनाने. विजेवर चालणारं खरं वॅप-४ इंजिन सुमारे ११३ टनांचं. तंतोतंत लहान केलं तर भरेल पावणेदोनशे ग्रॅमच्या आत. इतक्या हलक्या इंजिनाची चाकं डबे ओढताना जागच्या जागी फिरतील. म्हणून मॉडेलच्या पोटात मुद्दाम वजन भरतात. हुबेहूब दिसावं म्हणून आतून खोटं करावं लागतं, आणि मला तरी या छंदातली खरी गंमत तिथेच वाटते.

खर्च? आयात केलेलं एक चांगलं इंजिन सहज दहा हजारांपुढे जातं. पावसाळ्यात रूळ काळवंडतात, चाकांना वीज मिळेनाशी होते, की घ्या फडकं. भाऊ जोशींनी उभं केलेलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं ते संग्रहालय पाहताना पूल, सिग्नल आणि दिवे लागलेली रात्र डोळ्यांत भरते. तिथे मी सांगेन, गाड्यांपेक्षा टेबलाच्या कडा बघा. वळणाला किती जागा दिलीय ते मोजा आणि मग आपल्या घराचा नकाशा आठवा.

भातुकलीचा बाज उलटा. चूल एका मापाची, जातं दुसऱ्या, बंब तिसऱ्याच. तरी ओळीनं मांडलं की स्वयंपाकघर उभं राहतं. इथे माप बोटांचं. अंगठा आणि तर्जनीत खलबत्ता धरता आला, जात्याचा खुंटा एका बोटानं फिरला, की काम झालं.

तुळशीबागेत प्लॅस्टिकपासून स्टीलपर्यंत सगळं मिळतं. मी पितळ किंवा तांब्याचं घ्या म्हणेन, आणि नग कमी घ्या. कसब्यात तांबट आळी आहे, ठोकून केलेल्या मठारकामाची. तिथली मोठी भांडी आधी हातात घेऊन बघा. मठाराचे ठोके एकसारखे पडलेत का, हे कळायला लागलं की लहान भांड्यातलं बरं-वाईटही कळतं. लहान भांड्याचा पत्रा भांड्याच्या प्रमाणात पातळ करता येत नाही. त्यामुळे सुपारीएवढा तांब्या दिसतो त्यापेक्षा जड लागतो. उचलल्यावर तळहाताला बसणारा तो अनपेक्षित भार हीच भातुकलीची मोहिनी आहे. फोटोत ती अजिबात येत नाही, म्हणून ऑनलाइन घेऊ नका.

घेताना झाकण लावून-काढून बघा. कान रिबिटनं ठोकलेत की नुसते झाळून चिकटवलेत, तेही. त्यात खरंच भात शिजवायचा विचार असेल तर आतून कल्हई हवी. आणि छोट्या चुलीत दोन काड्या पेटवल्या तरी ज्वाळा भांड्याच्या वर जाते, कारण आग काही लहान होत नाही. पाणीही नाही. विंडसर कॅसलमध्ये राणी मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ मध्ये पूर्ण झालेलं, १:१२ प्रमाणाचं. आराखडा एडविन लट्यन्सचा, जो त्याच काळात नवी दिल्लीही रचत होता. त्यात नळाला पाणी येतं. पण नळातून पडणारा थेंब खऱ्या आकाराचाच असणार, म्हणजे बाहुलीच्या हिशेबात लिंबाएवढा. आपल्याकडे हे बाहुलीघर प्रकरण करायचं तर लहान फर्निचर बाहेरून मागवावं लागतं. मी त्या वाटेला जाणार नाही.

आता किल्ला. फुकटात होतो, आणि मुलं आपणहून हात लावतात असा यातला हा एकच. विटा रचायच्या, त्यावर पोतं, त्यावर चिखल, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत हिरवळ येते. मग बालेकिल्ल्यावर सिंहासन, आणि त्यावर बुरुजाएवढे महाराज! दरवाजातला मावळा दरवाजापेक्षा उंच. कुणी हसत नाही. काही मंडळं राजगड हुबेहूब करायला जातात, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्यांसकट. अंगणात मावायला प्रमाण १:२००० धरलं तर मावळा एक मिलिमीटरही भरत नाही. तेव्हा एक तर गड खरा करा, नाही तर माणसं दाखवा. माझं मत माणसांच्या बाजूनं आहे. जो महत्त्वाचा तो मोठा, हा हिशेब जुन्या चित्रकारांनाही मान्य होता.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर लघुचित्रांचं थोडक्यात: सर्वांत कमी जागा, सर्वांत जास्त मान दुखणं. कागदाचे थर चिकटवून घोटलेली वसली, पारदर्शक नसलेले जलरंग, दोन-चार केसांच्या टोकाचा ब्रश. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी पुढे केले तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो व्यापार गुन्हा आहे. कृत्रिम केसांचे चांगले मिळतात. चाळिशी लागली असेल तर भिंग आणि दिवा यांवर आधी खर्च करा.

अजून ठरत नसेल तर केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, वीस हजारांवर वस्तू जमवल्या. त्यातले अडकित्ते, दिवे, वज्री, कंगवे बघा. यातलं काहीही कशाची लहान प्रत नाही. हातात रोज यायचं म्हणून त्यावर पक्षी कोरले, माणसं कोरली. तिथे तासभर रेंगाळलात आणि कोथरूडला वीस मिनिटांत कंटाळलात, तर भातुकलीच घ्या. उलटं झालं तर एन प्रमाणाची रेल्वे. घरात दहाच्या आतलं मूल असेल तर या दिवाळीला किल्ला, बाकीचं नंतर.

रेल्वेच घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी चार बाय दोन फुटांचा पुठ्ठा कापून ठरवलेल्या कोपऱ्यात आठवडाभर ठेवा. दार पूर्ण उघडतं का, केर काढणाऱ्या मावशी काय म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडतात का, ते बघा.