शिल्लक राहिलेली लाल-काळी केबल: माल चांगला, पण भिंतीत घालण्याजोगा नाही

ब्रिटनमधील जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर राखाडी आवरणाच्या चपट्या केबलचे अर्धवट वापरलेले वेटोळे बहुधा सापडतेच. आत एक लाल व एक काळी तार आणि दोहोंच्या मध्ये अर्थिंगची उघडी तांब्याची तार, अशी तिची रचना असते. आमच्या घरासोबत २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या (म्हणजे तारेच्या छेदाच्या) केबलचे असे एक वेटोळे आणि तीन तारांच्या केबलचा एक तुकडा मिळाला. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी केबल स्वस्तात मिळते, त्यामुळे ती घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

माल म्हणून तिच्यात खोट काढायला फारशी जागा नाही. तांबे स्वच्छ आहे, आवरण वाकवल्यावर तडकत नाही आणि ५०० व्होल्टवर घेतलेल्या चाचणीत इन्सुलेशनचा रोध किमान अपेक्षित १ मेगाओहमच्या कितीतरी वर राहिला. मात्र प्रत्येक जुने वेटोळे असे निघेलच असे नाही. मेट्रिक मापे नवीन असतानाच्या काळातील २.५ च्या केबलमध्ये अर्थिंगची तार १ चौरस मिलिमीटरचीच असे. पुढे ती १.५ ची झाली. त्यामुळे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन केबली दोषप्रवाह (बिघाड झाल्यावर अर्थिंगमधून वाहणारी वीज) सारख्याच सुरक्षितपणे वाहून नेतील, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय माळ्यावर थर्माकोलला टेकून वर्षानुवर्षे पडलेल्या केबलच्या पीव्हीसीमधील मऊपणा देणारे द्रव्य थर्माकोलमध्ये उतरते आणि आवरण कडक होते. अशी केबल फुकट मिळाली तरी घेऊ नये.

खरी अडचण रंगांची आहे. बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकात ३१ मार्च २००४ रोजी दुरुस्ती झाली आणि युरोपातील रंगांशी मेळ घालण्यासाठी फेजची लाल तार तपकिरी व न्यूट्रलची काळी तार निळी झाली. पुढील दोन वर्षे दोन्हींपैकी कोणतीही पद्धत वापरण्याची मुभा होती, १ एप्रिल २००६ पासून मात्र नव्या कामात नवेच रंग आले. अर्थिंगचा हिरवा-पिवळा तेवढा तसाच राहिला. महाराष्ट्रात लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल हे पाहतच आपण वाढलेलो असल्यामुळे, इथे आलेल्या मराठी माणसाला हे वेटोळे नव्या तपकिरी-निळ्या केबलपेक्षा अधिक ओळखीचे वाटते, आणि हा ओळखीचेपणाच मला धोक्याचा वाटतो.

कारण नव्या पद्धतीत तीन फेजच्या तारांचे रंग तपकिरी, काळा व करडा आहेत. म्हणजे काल न्यूट्रल असलेला काळा रंग आज फेजचाही असू शकतो, आणि काल तिसऱ्या फेजचा असलेला निळा आज न्यूट्रलचा आहे. जिन्यातील दिवा खालून-वरून दोन्हीकडून लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या तीन तारांच्या केबलमध्ये हा घोटाळा सर्वात जास्त होतो. तिच्यात लाल, पिवळी व निळी अशा तारा असतात आणि स्विचच्या स्थितीनुसार निळीतही वीज असू शकते. आज शिकून आलेला वायरमन निळी तार पाहून ती न्यूट्रल समजला, तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून तीन तारांचा तो तुकडा मी सरळ बाजूला काढला.

तारांच्या टोकांना तपकिरी व निळ्या स्लीव्ह (रंगीत नळ्या) चढवून ओळख पटवता येते, असा युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण स्लीव्ह टोकांनाच असतात. पुढे कोणी मधेच केबल कापून जोड काढला, तर त्याला तिथे जुनेच रंग दिसतील. आमच्या वायरमननेही, स्वतः न आणलेली व वय माहीत नसलेली केबल आपल्या सहीच्या प्रमाणपत्राखाली घालणार नाही, असे नम्रपणे सांगितले. मला ते पटले. एका खोलीपुरत्या नव्या केबलचा खर्च त्याच्या मजुरीपुढे किरकोळच होता.

तेव्हा पाचपैकी तांब्याला चार गुण आणि घरातील कायमच्या वायरिंगसाठी शून्य. वायरिंग शिकणाऱ्याला आवरण सोलण्याचा व टर्मिनल आवळण्याचा सराव करायला, अर्थात वीज न जोडता, ही केबल उत्तम आहे. आमचे अर्धे वेटोळे एका प्रशिक्षणार्थीने नेले, उरलेले भंगारवाल्याकडे जाईल.