रेनिअरला एकच दिवस आहे: पॅराडाइज की सनराइझ?

पॅराडाइज आणि सनराइझ एकाच दिवसात उरकायचा बेत शक्यतो करू नका. सिएटलजवळच्या माउंट रेनिअर नॅशनल पार्कातली ही दोन्ही ठिकाणं नकाशावर पर्वताच्या अंगाखांद्यावर शेजारी-शेजारी दिसतात. पण एकीकडून दुसरीकडे जायला स्टीव्हन्स कॅन्यनच्या वळणांतून दीड तास लागतो आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पोचल्यावर गाडी लावायला जागा मिळेलच असं नाही. सिएटलहून दोन्ही साधारण अडीच तासांवर, त्यामुळे अंतराचा निकष इथे कामाचा नाही.

ऋतू मात्र अर्धा निर्णय करून टाकतो. सनराइझचा रस्ता जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि बर्फ पडायला लागला की बंद होतो. आई-बाबा मे महिन्यात भारतातून आले असतील किंवा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जायचं असेल, तर पॅराडाइजच. १ नोव्हेंबर ते १ मे या काळात पार्कात टायर-चेन (बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या) गाडीत ठेवणं बंधनकारक आहे, गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी.

खरा प्रश्न जुलै ते सप्टेंबरचा. या काळात माझं मत सनराइझकडे झुकतं आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे पॅराडाइजचे ढग. पॅसिफिकवरून येणारी ओली हवा नैऋत्येकडून या १४,४१० फुटी पर्वतावर आदळते, वर चढता चढता थंड होते आणि तिथेच रिती होते. पॅराडाइज नेमकं त्याच बाजूला, ५,४०० फुटांवर आहे. १९७१-७२च्या हिवाळ्यात तिथे १,१२२ इंच बर्फ पडला होता. सनराइझ ६,४०० फुटांवर, पण ईशान्येला, पर्वताच्या आडोशाला. महाबळेश्वरच्या धुक्यातून घाट उतरून वाईला आलं की आभाळ कसं मोकळं होतं, तसाच हा पर्जन्यछायेचा मामला. पॅराडाइजला पायाशी ल्युपिन आणि पेंटब्रश फुललेले असतात, पण ज्याच्यासाठी अडीच तास गाडी चालवली तो डोंगर कधी कधी दिवसभर पांढऱ्या पडद्याआड राहतो. पाहुण्यांना "तो तिकडे आहे" असं हात करून सांगावं लागतं, आणि पुन्हा यायला त्यांच्याकडे दिवस नसतो. सनराइझलाही ढग येतात, नाही असं नाही. पण माझा अनुभव असा की तिथे डोंगर दिसण्याची शक्यता बरीच जास्त.

उलटही घडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. समुद्रावरून आलेला ढगांचा थर चार हजार फुटांच्या आसपास संपला, तर सिएटलला मळभ आणि पॅराडाइजला लख्ख ऊन. म्हणून घरच्या खिडकीतून आभाळ पाहून ठरवू नका. पार्कच्या संकेतस्थळावर पॅराडाइजचे वेबकॅम आहेत, ते निघण्याआधी पाहा.

त्याच ओल्या हवेचा दुसरा परिणाम पायवाटांवर होतो. पॅराडाइजचा स्कायलाइन ट्रेल साडेपाच मैलांचा, १,७०० फूट चढाचा. पॅनोरमा पॉइंटच्या आसपास जुलैच्या मध्यापर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत, बर्फ टिकून असतो. साध्या स्पोर्ट्स शूजवर तिथे पाय घसरतो. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) आणि काठी हवी. सनराइझ हजार फूट उंच असूनही तिथल्या वाटा सहसा आधी मोकळ्या होतात. अपवाद फ्रोझन लेकपासून बरोज माउंटनच्या पहिल्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेचा. तिथल्या तिरक्या उतारावरचा बर्फाचा पट्टा घसरगुंडीचा असतो आणि खाली थांबायला काही नाही. तो दिसला तर डावीकडचा बरोजचा हट्ट सोडून माउंट फ्रीमाँटच्या जुन्या टेहळणी-घराकडे वळा. जाऊन-येऊन ५.६ मैल.

सनराइझला सकाळीच पोचा. समोरचा उतार ईशान्येचा, त्यामुळे दुपारनंतर सूर्य पर्वतामागे जायला लागतो आणि फोटोत नुसती काळसर आकृती येते. उशिरा उठणारी मंडळी सोबत असतील तर पॅराडाइजचा दक्षिण उतार बरा, तिथे उजेड संध्याकाळपर्यंत टिकतो.

रेनिअर हा ज्वालामुखी आहे, हेही सनराइझकडून जास्त नीट कळतं. समोर एमन्स हिमनदी, अलास्का वगळता अमेरिकेतली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी. तिच्या खालच्या टोकाला बर्फाऐवजी दगडमातीच दिसते. डिसेंबर १९६३मध्ये शेजारच्या लिटल टाहोमा सुळक्याचा कडा कोसळून तिच्यावर पसरला, त्याचा राडारोडा अजून तिथे आहे. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी पर्वताचा माथा आणि ईशान्येची बाजू ढासळून चिखल-दगडांचा प्रचंड लोंढा व्हाइट नदीच्या खोऱ्यातून थेट प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. सनराइझला जाताना तुम्ही ज्या इनमक्लॉ गावात पेट्रोल भरता ते त्या लोंढ्याच्या थरावरच वसलं आहे.

जुन्या जंगलाच्या बाबतीत पॅराडाइजचं पारडं जड असायचं, कारण तिथून ओहानापेकॉशला उतरून हजार वर्षांच्या वृक्षांमध्ये जाता यायचं. पण तिथल्या ग्रोव्ह ऑफ द पॅट्रिआर्क्स या वृक्षराईचा झुलता पूल नोव्हेंबर २०२१च्या पुरात निकामी झाला आणि ती वाट बंद झाली. पार्कातलं कार्बन नदीकडचं वर्षावनही अवघड झालं, कारण तिकडे जाणारा फेअरफॅक्स पूल एप्रिल २०२५मध्ये कायमचा बंद केला. आता पॅराडाइजच्या वाटेवर निस्क्वाली गेट ते लाँगमायर हा रस्ताच जुन्या झाडीतून जातो. मध्ये ट्विन फर्झचा छोटा फेरा आहे, तिथे पाच मिनिटं तरी थांबा. सनराइझला जाताना इनमक्लॉच्या पुढे ४१० क्रमांकाच्या रस्त्यावर फेडरेशन फॉरेस्ट स्टेट पार्क लागतं. डग्लस फर, रेड सीडर आणि सिट्का स्प्रूसचे जुने वृक्ष, सपाट वाटा, गर्दी तुरळक. मात्र ते राज्याचं असल्याने नॅशनल पार्कचा पास चालत नाही, राज्याचा डिस्कव्हर पास लागतो.

सोबत व्हीलचेअर असेल तर मात्र मी सनराइझचा आग्रह धरणार नाही. पॅराडाइजला मर्टल फॉल्सपर्यंतची वाट फरसबंद आहे, मागून ढकलणारं कोणी असलं की जमते. जेवायला उपाहारगृह आहे, राहायला १९१७पासूनचं पॅराडाइज इन आहे. सनराइझला मुक्कामाची सोय नाही आणि खाणं जुजबी, तेव्हा डबा घरून न्या. चालू शकणाऱ्या आजी-आजोबांसाठी एमन्स व्हिस्टाची मैलभराची सौम्य वाट पुरेशी. पहिली दहा मिनिटं त्यांना सावकाश चालू द्या, साडेसहा हजार फुटांवर धाप लवकर लागते.

गेटवर रोख पैसे घेत नाहीत, कार्ड हवं. पार्कात पेट्रोल नाही, मोबाइलची रेंजही जवळपास नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. २०२४मध्ये दोन्ही बाजूंना प्रवेशाच्या वेळेचं आरक्षण लागत होतं, २०२५मध्ये फक्त सनराइझला. नियम दरवर्षी बदलतो, निघण्याआधी तपासा. आरक्षण नसलेल्या दिवशी सनराइझच्या वाटेवरच्या व्हाइट रिव्हर गेटवर सकाळी आठच्या आत पोचणं उत्तम. वरचं पार्किंग भरलं की गाड्या गेटवरच अडवतात आणि वरून एक खाली आली तरच पुढची सोडतात.